गोपनीयतेची नोंदवही

स्वतःच्या एका मुलीशी पाच मिनिटं बोलण्यापेक्षा इमारतीतल्या तेवीस मुलांसाठी जाहीर कार्यक्रम घेणं सोपं, असं हेडक्लार्कांना एका मंगळवारी वाटलं आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

त्यांना सगळे हेडक्लार्कच म्हणत. ऑफिसात म्हणत ते ठीक होतं, पण इमारतीत, वाण्याकडे, दाढीच्या दुकानातही तेच. त्यांची सासूसुद्धा जावईबापू न म्हणता 'हेडक्लार्क आलेत का?' असं विचारायची. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एक कागद गहाळ झाला नव्हता आणि एका नोंदीत खाडाखोड झाली नव्हती. माणसाला कशाचा ना कशाचा अभिमान असावा लागतो. कुणाला आवाजाचा असतो, कुणाला केसांचा. हेडक्लार्कांना या दोन्ही बाबतीत वाव नव्हता, म्हणून त्यांनी आवक-जावक धरलं होतं.

तर त्या मंगळवारी बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "अहो, पोरीशी जरा बोला. फोन वाजला की दचकते. जेवताना नुसती बोटं फिरवते ताटात. मी विचारलं तर म्हणते, काही नाही."

"मग काही नसेल."

"आपलं लग्न झालं तेव्हा मीही 'काही नाही' म्हणायचे. तुम्हाला तेव्हाही खरंच वाटायचं."

हेडक्लार्क उठले आणि मुलीच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. मुलगी सतरा वर्षांची. पुस्तक उघडं, नजर भिंतीवर.

"अभ्यास कसा चाललाय?"

"ठीक."

"पंखा आवाज करतोय का?"

"नाही."

"बरं."

परत येऊन त्यांनी बायकोला अहवाल दिला. बोललो, सगळं ठीक आहे, पंखाही ठीक आहे. बायकोने हातातल्या टॉवेलची घडी इतकी दाबून घातली की तो टॉवेल नंतर दोन दिवस तसाच चपटा राहिला.

हेडक्लार्कांचं मुलीवर प्रेम नव्हतं असं कुणी समजू नये. जीव होता तिच्यावर. ती लहान असताना तिचे पडलेले दात त्यांनी तारखेसह पाकिटात घालून ठेवले होते. पण ती मोठी झाली आणि तिच्याशी बोलायचे विषय एकेक करून निकाली निघाले. उरलेल्या विषयांची फाईल त्यांच्या स्वतःच्या वडिलांनीच कधी उघडली नव्हती, ते तरी काय करणार?

अशा वेळी शनिवारी इमारतीच्या कमिटीची बैठक झाली आणि तिच्यात आरोग्य केंद्राचं पत्र निघालं. केंद्रातल्या समुपदेशक बाई चौदा ते वीस वयाच्या मुलामुलींशी बोलायला येऊ इच्छित होत्या. विषय होता, तरुणांचं लैंगिक आरोग्य आणि निकोप नातेसंबंध.

"विषय अत्यंत महत्त्वाचा आहे," अध्यक्ष म्हणाले. "पुढचा विषय घ्या."

तेवढ्यात हेडक्लार्कांनी हात वर केला. त्यांनी आजवर बैठकीत हात फक्त माशी हाकलायला वर केला होता, त्यामुळे अध्यक्षांनी थोडा वेळ वाट पाहिली. पण हात खाली येईना. आपल्या मुलीशी जे बोलायचं ते या बाईच बोलतील, तेही परस्पर आणि अधिकृतपणे, हा विचार त्यांना इतका भावला होता की कार्यक्रमाची सगळी जबाबदारी त्यांनी तिथल्या तिथे अंगावर घेतली. हौसेनं ओढवून घेतलेलं संकट नेहमी असंच बैठकीत सुरू होतं.

पहिला खोळंबा सूचनाफलकाचा. फलक लिफ्टशेजारी, आणि लिफ्टमध्ये पाहुणे येतात. 'लैंगिक' शब्द दोन मिनिटांत गेला. 'तरुणांचं' गेलं, कारण म्हाताऱ्यांना वाईट वाटेल. 'नातेसंबंध' एकटं उरलं, तर तो वधूवर मेळावा वाटायला लागला. पावणेदोन तासांनी एकमताने मजकूर ठरला तो असा: 'रविवारी सायंकाळी पाच वाजता तळघरातल्या हॉलमध्ये कार्यक्रम. विषय कार्यक्रमात कळेल.'

मग सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी हेडक्लार्कांना जिन्यातच गाठलं. "मुलांना हे असलं सांगितलं की ती तसंच करतात, सांगून ठेवते."

मागून दातांचे डॉक्टर उतरत होते. इमारतीतले ते एकमेव डॉक्टर, म्हणून गळ्याखालच्या तक्रारीही लोक त्यांनाच सांगत. ते म्हणाले, "काकू, दात कसे किडतात हे मी पंचवीस वर्षं सांगतोय. अजून कुणी मुद्दाम किडवून घेतले नाहीत."

काकूंनी तोंड घट्ट मिटलं, कारण त्यांच्याकडे डॉक्टरांचे दोन दाढांचे पैसे थकले होते. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक मात्र कार्यक्रमाच्या बाजूचे निघाले. "अवश्य करा. फक्त सुरुवात फुलांपासून करा. पराग, परागीभवन. आम्हाला तसंच शिकवलं."

"मग पुढे?"

"पुढे सर आजारी पडले. आम्ही फुलांवरच थांबलो."

दुसरा खोळंबा संमतिपत्रांचा. अल्पवयीन मुलांसाठी पालकांची संमती हवी, हे हेडक्लार्कांनी नियमाला धरून सांगितलं. नमुना त्यांनीच केला: 'माझ्या पाल्यास ........ या विषयाची माहिती देण्यास माझी हरकत नाही.' गाळलेली जागा कमिटीच्या आदेशाने गाळलेलीच ठेवली. पालकांनी ती आपापल्या परीने भरली. एकाने 'गणित' लिहिलं. दोघांनी 'होय' लिहिलं. एका आईने नुसतं 'ते' लिहून पुढे दोन उद्गारचिन्हं दिली होती. हेडक्लार्कांनी सगळी पत्रं ग्राह्य धरली, पण त्या रात्री त्यांना नीट जेवण गेलं नाही.

आणि मग समुपदेशक बाईंचा फोन आला. "आधी आठवडाभर एक प्रश्नपेटी ठेवा. मुलं समोर विचारत नाहीत. निनावी विचारतात."

निनावी! हेडक्लार्कांच्या ऑफिसात निनावी अर्जावर कार्यवाही होत नाही, तो थेट दप्तरी दाखल होतो. ज्या कागदाला आगापिछा नाही तो कागद उद्या हरवला तर जबाबदार कोण? दोन दिवस त्यांनी डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी असा तोडगा काढला की तो फक्त त्यांनाच सुचू शकला असता. निनावीपणा सुरक्षित राहावा म्हणून त्यांनी नावांचं रजिस्टर तयार केलं.

"चिठ्ठीवर नाव नाही, फक्त क्रमांक," त्यांनी बायकोला समजावलं. "क्रमांक कुणाला दिला ते रजिस्टरात. समोर सही. रजिस्टरावर 'गोपनीय' असं लाल शाईत लिहिलंय आणि ते माझ्या कपाटात."

"म्हणजे कुणी काय विचारलं ते तुम्हाला कळणार."

"मला कळणार नाही. मी बघणारच नाही."

"मग लिहिलं कशाला?"

"नोंद असावी," हेडक्लार्क म्हणाले. त्यांच्या दृष्टीने हे पुरेसं कारण होतं.

घरोघर फिरून त्यांनी बावीस मुलांना बावीस चिठ्ठ्या दिल्या आणि बावीस सह्या घेतल्या. मुलांनी ज्या चेहऱ्याने सह्या केल्या त्या चेहऱ्याने माणूस पोलीस चौकीत सही करतो. स्वतःच्या मुलीला मात्र चिठ्ठी स्वतः देणं त्यांना योग्य वाटेना. घरच्या माणसाचं प्रकरण आपल्या हातून जाऊ नये, हा त्यांचा शिरस्ता. म्हणून त्यांच्या घरापुरती चिठ्ठी दातांच्या डॉक्टरांनी दिली आणि ती नोंदही डॉक्टरांनीच केली. हेडक्लार्क तेवढा वेळ गॅलरीत पाठ करून उभे होते.

पेटी ऑफिसातून आणलेली, जुनी सूचनापेटी. तिला तीन कुलपं, तिघा पदाधिकाऱ्यांकडे एकेक किल्ली. रविवारी पावणेपाचला कळलं की अध्यक्ष आपल्या किल्लीसह बहिणीकडे गेले आहेत. कुलूपवाल्याला बोलावलं. त्याने तिसरं कुलूप काढलं आणि विचारलं, "आहे काय यात एवढं?" सांगितल्यावर त्याने हत्यारं पिशवीत भरली, पिशवी खुर्चीखाली सरकवली आणि पुढच्या रांगेत बसला. त्याला दोन मुली होत्या. तेवढ्यात अध्यक्षही धापा टाकत किल्ली घेऊन पोचले.

पुढच्या रांगा नाही तरी मोठ्यांनीच अडवल्या होत्या, मुलांवर लक्ष ठेवायला म्हणून. मुलं पार मागे, भिंतीला टेकून. काकू मध्यभागी पर्स मांडीवर घेऊन. समुपदेशक बाई ठेंगण्याशा, खांद्याला कापडी पिशवी, आणि आवाज असा की तळघर आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी शरीराच्या भागांची खरीखुरी नावं घेतली, गुडघा आणि कोपर म्हणावं तितक्या सहज. पहिल्या नावाला प्राध्यापकांनी चष्मा काढला. दुसऱ्याला परत लावला. मग बाईंनी सांगितलं की शरीरात होणारे बदल म्हणजे आजार नव्हे, शंका असेल तर तपासणी करून घेण्यात लाज नाही, गर्भनिरोधनाची माहिती असणं म्हणजे वाया जाणं नव्हे. आणि 'नाही' या शब्दाला कारण जोडावं लागत नाही. 'हो' मात्र घाईत, भीतीने किंवा कुणाला बरं वाटावं म्हणून म्हटलेलं असेल, तर ते 'हो' नव्हेच.

कुलूपवाल्याने हे दोनदा मान हलवून मनात टिपून घेतलं.

मग पेटी उघडली. बाईंनी चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या, हेडक्लार्कांनी सवयीने मोजल्या आणि लगेच पुन्हा मोजल्या. जावक तेवीस होती. आवक एकतीस निघाली.

क्रमांक असलेल्या तेवीस चिठ्ठ्यांपैकी एकवीस कोऱ्या करकरीत होत्या. एकीवर 'लिफ्ट कधी दुरुस्त होणार?' असं होतं. रजिस्टरात सही ठोकून कोण काय विचारणार? बाकी आठ चिठ्ठ्यांवर क्रमांकच नव्हता, आणि त्यांची अक्षरं काही चौदा ते वीस वयाची दिसत नव्हती. बाई वाचू लागल्या.

"'मुलाने एकदा विचारलं होतं, तेव्हा मी विषय बदलला. आता तो सत्तावीसचा आहे. मी अजून विषय बदलतो आहे. काय करावं?'"

हॉलमध्ये खाकरण्याची लाट आली.

"'लग्नाला चौतीस वर्षं झाली. बायको आवडते हे सांगायचं राहून गेलं. आता एकदम सांगितलं तर ती घाबरेल का?'"

प्राध्यापकांचा चष्मा पुन्हा निघाला. त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने समोर बघतच म्हटलं, "घाबरणार नाही." मागच्या भिंतीकडून शिट्टी आली. मुलांना आपल्या जन्मात इतका रंगलेला कार्यक्रम मिळाला नव्हता. बाईंनीही हुशारी केली. त्या मोठ्यांचे प्रश्न मुलांकडे टाकू लागल्या, आणि भिंतीला टेकलेली मुलं हळूहळू पुढे सरकून उत्तरं देऊ लागली. ती उत्तरं बरी होती. निदान त्यांत पराग नव्हते.

शेवटी राहिली क्रमांक चौदाची चिठ्ठी.

"'एक मित्र आहे,'" बाई वाचू लागल्या. "'मला तो आवडायचा. आता तो माझ्या फोनचा पासवर्ड मागतो. नाही म्हटलं तर म्हणतो, तुझा माझ्यावर विश्वास नाही. मी कुठे आहे, कुणाशी बोलते ते दर तासाला विचारतो. मला भीती वाटायला लागली आहे. घरी सांगायचं आहे, पण बाबांशी बोलायला सुरुवात कुठून करू?'"

बाईंचा आवाज खाली आला. त्या म्हणाल्या, विश्वास पासवर्डने सिद्ध होत नाही. जो माणूस पहारा करतो तो प्रेम करतो असं म्हणायची गरज नाही. या मुलीचं काही चुकलेलं नाही आणि तिने हे एकटीने सोसू नये.

"आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर," त्या म्हणाल्या, "इथल्या एखाद्या बाबांनीच द्यावं."

संयोजक या नात्याने हेडक्लार्क उठले. का उठले हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही. त्या पोरीच्या चार ओळींनी त्यांना खरंच कळवळून आलं होतं, आणि कळवळा आला की बोलायचं असतं असं त्या दिवशी हवेतच होतं. ते सात मिनिटं बोलले. "मला सांगा, हा कसला बाप? मुलगी घरात घाबरून बसलीय आणि याला पत्ता नाही! हा घरी येऊन करतो काय? चपला काढतो, पेपर उघडतो, 'अभ्यास कसा चाललाय' विचारतो आणि कर्तव्य संपलं! असे बाप मी पाहिलेत. निव्वळ ठोंबे असतात. पोरी, तू जी कोण असशील ती, सरळ जा त्याच्यापुढे आणि हातातला पेपर काढून घे!"

टाळ्या पडल्या. कुलूपवाला तर उभा राहिला. हेडक्लार्कांनी बायकोकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती.

टाळ्या ओसरल्या आणि मग पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "पण मुलगी कुणाची?"

झालं. ज्यांना पाच मिनिटांपूर्वी गहिवरून आलं होतं त्यांचे चेहरे बदलले. प्रत्येक जण दुसऱ्याच्या मुलीकडे बघू लागला. "पालकांना कळायला नको का?" "मुलीच्या भल्यासाठीच!" "रजिस्टर आहे ना? काढा रजिस्टर!" बाई "अजिबात नाही" म्हणून ओरडल्या, पण इमारतीला एकदा नाव हवं झालं की तिला आरोग्य केंद्राची पर्वा नसते. अध्यक्ष म्हणाले, "हेडक्लार्क, कमिटी आदेश देते. चौदा नंबर वाचा."

आदेश म्हटला की हेडक्लार्कांचे हात आपोआप चालतात. नोंदी जुळवायला कपाटातून आणलेलं रजिस्टर त्यांनी पिशवीतून काढलं, पान उलटलं. तेरापर्यंत त्यांचं स्वतःचं टपोरं अक्षर. चौदावी ओळ वाचता येईना, झुरळ शाईत पडून चालत गेल्यासारखी. म्हणजे डॉक्टरांची. म्हणजे...

त्यांनी मान वर केली. डॉक्टर छताकडे बघत होते. मागे भिंतीपाशी त्यांची मुलगी उभी होती आणि सरळ त्यांच्याकडे बघत होती. फोन वाजला की दचकणारी, ताटात बोटं फिरवणारी त्यांची पोर. महिनोन् महिने ती घाबरलेली होती आणि त्यांनी पंख्याची चौकशी केली होती. हेडक्लार्कांना भरून आलं, लाज वाटली, आणि त्या मित्राची मान मुरगळावीशी वाटली, सगळं एकाच वेळी.

"वाचा ना!" अध्यक्ष म्हणाले.

"चौदा नंबर नाही," हेडक्लार्क म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"रजिस्टरात नाही. तेरानंतर पंधरा आहे."

"असं कसं? तेरानंतर पंधरा कसे येतील?"

हेडक्लार्कांनी रजिस्टर मिटलं. "कारकुनी चूक," ते म्हणाले. "माझी."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. अठ्ठावीस वर्षांची कीर्ती मातीमोल व्हायला एवढा वेळ पुरला. काकू म्हणाल्या, यांच्या हातात ऑफिस कसं दिलं देव जाणे. अध्यक्षांनी पुढच्या वेळी नोंदी तपासायला उपसमिती नेमायची घोषणा केली. डॉक्टरांनी छतावरची नजर काढून हेडक्लार्कांच्या खांद्यावर एकदा थाप मारली आणि निघून गेले.

घरी आल्यावर बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, चपला घातल्या आणि "मी जरा काकूंकडून भांडं घेऊन येते" म्हणून बाहेर पडली. कुठलंही भांडं काकूंकडे नव्हतं.

स्वयंपाकघराच्या ओट्याशी हेडक्लार्क पाणी पीत उभे राहिले. तहान नव्हती. मुलगी आत आली.

"बाबा, तुम्ही त्या बापाला फार बोललात."

"कमीच बोललो."

ती थोडीशी हसली. खूप दिवसांनी. मग म्हणाली, "काल मी त्याला सांगून टाकलं, पासवर्ड देणार नाही आणि भेटणारही नाही. पण तो उद्या कॉलेजच्या दारात उभा राहील."

"उद्या मी येतो तुझ्याबरोबर. ऑफिसला रजा टाकतो." मग त्यांना एक गोष्ट काही केल्या कळेना. "पण तुला माहीत होतं ना, नाव रजिस्टरात आहे? बाकी पोरांनी कोऱ्या टाकल्या. तू कशी लिहिलीस?"

"त्यांनी रजिस्टर होतं म्हणून कोऱ्या टाकल्या," ती म्हणाली. "मी रजिस्टर होतं म्हणून लिहिलं. म्हटलं, नंबर पडलेला कागद असला की बाबा तो वाचतातच."

हेडक्लार्कांनी ग्लास खाली ठेवला, एक स्टूल तिच्यासाठी ओढलं, एक स्वतःसाठी.

"बस," ते म्हणाले. "आता तोंडी सांग."